कारणाचा रकाना

घाबरलेला माणूस दोन्ही बाजूंना चुकतो. एकाच बाजूला जाणारी चूक साधनाची असते. हे वाक्य हितेंद्रने गेल्या अकरा वर्षांत प्रत्येक नव्या माणसाला ऐकवले होते. परंतु मे महिन्यातल्या त्या मंगळवारी ते उच्चारून झाल्यावर त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. निमित्त किरकोळ होते. खरिपापूर्वी माती तपासून घेण्याच्या घाईत जळगावच्या त्या प्रयोगशाळेत चोपड्यापासून वरणगावापर्यंतच्या शेतांतल्या मातीच्या पिशव्या थेट जिन्यापर्यंत रचलेल्या होत्या, आणि नव्यानेच रुजू झालेली भाविका सेंद्रिय कर्बाच्या चाचण्या सकाळी एका वहीत व दुपारी दुसऱ्या वहीत नोंदवत होती. प्रत्येक खेपेत एक नमुना असा ठेवायचा की ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळते. त्या नमुन्याचे उत्तर गेले आठ दिवस कमी येत होते. सकाळच्या वहीत भाविकाने कारण लिहिले होते, रंग बदलल्याचे उशिरा लक्षात येते. दुपारच्या वहीत लिहिले होते, उन्हाने लक्ष लागत नाही.

"सर, मी मुद्दाम सावकाश करते. तरी कमीच येतं," ती म्हणाली. रात्री झोप झाली नसावी असे तिचे डोळे होते.

"एकदा तरी जास्त आलं?"

"नाही."

"मग कारणं दोन कशी? दोन वह्या आहेत म्हणून? घाबरलेला माणूस दोन्ही बाजूंना चुकतो, भाविका. एकाच बाजूला जाणारी चूक साधनाची असते. द्रावण कधीचं आहे?"

"गेल्या महिन्यातलं."

"ओतून टाक. नवं कर. तुझा हात चांगला आहे."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेले. आठ दिवस जे स्वतःचे म्हणून वागवले ते आपले नव्हतेच, हे कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते हितेंद्र पाहत राहिला. मग दोन्ही उघड्या वह्या त्याने शेजारी शेजारी सरकवल्या. दोन वह्या, दोन कारणे, एक दिशा. घरी, टीव्हीखालच्या कप्प्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब वही होती. तिच्या पुढच्या पानांवर एक तक्ता होता आणि उलट बाजूने उघडली की दुसरा. फेब्रुवारीपासून ती त्याने उघडलेली नव्हती. का उघडली नव्हती, हे त्याने कोणत्याही रकान्यात लिहिलेले नव्हते.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो महाबळ भागातल्या घरी आला तेव्हा रस्त्यावरचे डांबर चपलांना चिकटत होते. टीव्हीसमोरच्या सतरंजीवर दोन जाड पेट्या अजून तशाच होत्या. खेळायच्या पेट्या, म्हणजे डाव्या हाताला दांडी आणि उजव्या हाताला आठ बटणे. या व्हिडिओ खेळात पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात. दांडीने चालायचे, वाकायचे, अडवायचे, बटणांनी मारायचे. सेकंदाचे साठ तुकडे केले तर त्यांतल्या तीन-चार तुकड्यांत जे सुचते आणि हातातून उतरते, त्यावर डाव ठरतो. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो, आणि हितेंद्रने तसे वाटू देण्यास कधी हरकत घेतली नव्हती. छत्तीस वर्षांच्या, मृदा रसायनात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाने रविवारचे सहा तास एका दांडीवर घालवावेत, याचे समर्थन करता येत नाही; फक्त मोजमाप करता येते. आणि मोजमाप त्याने केले होते.

दानिश त्याला नाशिकच्या एका स्पर्धेत भेटला, तीन वर्षांपूर्वी. धुळ्याचा, चोविशीचा, वडील हाशमभाई यांच्या दुकानात मोटारींचे वाइंडिंग करणारा. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी खोलायच्या आणि तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे पुन्हा भरायचे. त्याने हितेंद्रला सलग दोन डावांत हरवले आणि खुर्चीवरून उठत म्हणाला, "भाऊ, जळगावचे ना तुम्ही? धुळ्यापर्यंत एकाच गाडीनं जाऊ. वाटेत सांगा, तुम्ही इतके का चिडता?" बसमध्ये हितेंद्रने त्याला सांगितले. विशीत असताना तो हरला की दांडीला दोष द्यायचा, पडद्याला, गर्दीला, नशिबाला. एकदा भर स्पर्धेत त्याने पेटी जमिनीवर आपटून फोडली होती, आणि मग सहा वर्षे खेळ सोडला होता. परतला तो एक नियम घेऊन. हरल्यावर कारण लिहायचे, आणि कारणाच्या रकान्यात तीन शब्द चालणार नाहीत: हात, दांडी, नशीब. जे काही आहे ते डोक्यात आहे, असे धरून चालायचे. या नियमाने त्याचे वर्षभरात भले झाले होते. एका माणसाला लागू पडलेले औषध, तेवढाच पुरावा. नमुन्यांची संख्या एक. प्रयोगशाळेत एवढ्या पुराव्यावर त्याने कोणाच्या शेतात खताची एक गोणीही टाकायला सांगितली नसती.

पुढे दर रविवारी दानिश सकाळच्या गाडीने यायचा. वहीबरोबर एक रीतही रुजली. हरणाऱ्याने उठायचे, स्वयंपाकघरातल्या माठातून पेलाभर पाणी घ्यायचे, ते शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन मग कारण लिहायचे. आणि तोवर जिंकणाऱ्याने एक अक्षर बोलायचे नाही. राग उतरायला एक पेला पुरतो, हे हितेंद्रचे निरीक्षण होते. आई, कुंदाबाई, माठ भरताना कुरकुरायची. "हाऊ पोर्‍या दिनभर पानीच पेस. हारस का जितस?" आणि दानिश आतूनच ओरडायचा, "अक्का, माठ बघा ना! रिकामा झाला म्हणजे मी हरलो!" वहीतली लाल शाई पाहून तो म्हणायचा, "शाळेत मास्तरनं इतकं लाल नाही केलं, भाऊ. तुम्ही काय मातीलाही असंच रागावता का?"

हितेंद्रने वर्तमानपत्र सोडले आणि वही सतरंजीवर ठेवली. पुढच्या बाजूचा तक्ता उजव्या जागेचा होता. आपला लढवय्या पडद्याच्या उजवीकडे उभा असला की शत्रू डावीकडे. मग प्रत्येक हल्ला दांडी डावीकडे ढकलून करायचा. बहुतेकांची ही जागा कच्ची असते, कारण माणूस डावीकडे उभा राहून शिकतो, आणि त्यावर उपाय एकच, पाठांतरासारखी पुनरावृत्ती. म्हणून दानिशला एकच हल्ला उजव्या जागेवरून दोनशे वेळा करायला लावायचा आणि किती साधले ते मांडायचे, असे ठरले होते. जुलैअखेर, एकशे अठ्ठ्याऐंशी. अकरा ऑगस्ट, एकशे एक्क्याऐंशी. पुढे एकशे शहात्तर, एकशे एकोणसत्तर, एकशे चौपन्न. कारणाच्या रकान्यात हितेंद्रच्या नेटक्या अक्षरात लिहिलेले होते, घरी सराव करत नाही. वही उलटी केली की डाव्या जागेचा तक्ता. त्यात फक्त डावांतल्या चुका. आपण डावीकडे असलो की शत्रूचा मार अडवायला मागे सरायचे, म्हणजे पुन्हा दांडी डावीकडेच ओढून धरायची. ऑगस्टपासून दानिशचे अडवणे सुटत होते. मार आला की क्षणभर त्याची ढाल उघडायची. एका रविवारी तीनदा, नोव्हेंबरात अकरा वेळा. तिथले कारण वेगळे होते: दडपणाखाली घाबरतो.

डावांच्या सुट्या नोंदींतून त्याने उजव्या जागेवरची ढाल आणि डाव्या जागेवरचे हल्ले, म्हणजे ज्यांत दांडी उजवीकडे जाते ते सगळे, शोधून काढले. तिथे काही बिघडले नव्हते. जुलैत जसे होते तसेच नोव्हेंबरात. फक्त डावीकडे. पुढच्या बाजूने उघडली तरी डावीकडे, उलट बाजूने उघडली तरी डावीकडे. डाव्या हाताचे मनगट बाहेरच्या बाजूला वळत नव्हते, एवढे एकच वाक्य त्या वहीत सोळा आठवडे आलेखासारखे खाली उतरत गेले होते. आणि त्याने त्याची दोन वाक्ये करून, दोन बाजूंना, आपल्या हस्ताक्षरात निकाली काढली होती. एक आळस म्हणून, एक भित्रेपणा म्हणून. मग त्याला अकरा ऑगस्टची ओळ दिसली. ती दानिशच्या हाताची होती, कारण त्या दिवशी दानिश हरला होता. पाणी पिऊन येऊन त्याने कारणात लिहिले होते, हात ऐकत नाही. त्यावर लाल रेघ होती. शेजारी लाल अक्षरांत, सबब. पुन्हा लिही. आणि त्याच्याखाली, पुन्हा दानिशच्याच हाताने, थोडे लहान अक्षर काढून: घाबरलो.

त्यानंतर दानिशने हात हा शब्द कधी लिहिला नाही. घाबरलो, घाई केली, घाबरलो, लक्ष नव्हते, घाबरलो. हितेंद्रने मोजले. सतरा वेळा.

"कथा चालना या उन्हात?" तो पायात चपला सरकवत असताना कुंदाबाईंनी विचारले.

"धुळ्याला."

"तठे आते कोन शे तुना?" असे विचारून त्या थांबल्या, आणि त्याच्या हातातली वही त्यांना दिसली.  पाण्याची बाटली भरून त्याच्या पिशवीत घातली, एवढेच.

एरंडोल मागे पडेपर्यंत त्याने खिडकीतून पाहिले नाही. हाच रस्ता, डिसेंबरात, पुण्याहून परतताना त्यांनी रातराणी बसच्या मागच्या सीटवर बसून उलट दिशेने कापला होता, कारण दानिशला घरी तोंड दाखवायचे नव्हते आणि तो हितेंद्रबरोबर थेट जळगावला आला होता. पुण्याच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीच्या निर्णायक डावात दानिश डाव्या जागेवर होता, त्याच्याकडे थोडी ताकद उरली होती, समोरच्याचा साधा, सरळ, मुलेसुद्धा अडवतात असा मार आला, आणि ढाल उघडी पडली. दोनशे माणसे ओरडली. हितेंद्र त्याच्या खुर्चीमागे उभा होता. पारोळ्याच्या आसपास, पहाट होत असताना, त्याने ते वाक्य उच्चारले होते जे त्याला तेव्हा शास्त्रीय वाटले होते. "तुझा हात उत्तम आहे, दानिश. मन कच्चं आहे." दानिश डाव्या हाताचा पंजा मांडीवर उघडमीट करत होता. थंडीने, असे हितेंद्रला वाटले होते. मग तो हसून म्हणाला, "मग मन बदलून मिळतं का कुठं? मोटार असती तर आपणच भरली असती."

जानेवारीत नाशिकच्या रुग्णालयातून फोन आला. दानिशच्या मेंदूच्या उजव्या भागात गाठ. उजवा मेंदू डावा हात चालवतो, हे हितेंद्रला दहावीपासून ठाऊक होते. तो पोहोचला तेव्हा डॉक्टर कॉटशेजारी उभे राहून विचारत होते, हे कधीपासून आहे? उत्तर दानिशच्या धाकट्या बहिणीने, अरिबाने दिले. औषधनिर्माणाची पदविका घेऊन ती धुळ्यात एका औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने सांगितले, तीन आठवडे. डिसेंबरात त्याच्या हातातून चहाचा कप पडला तेव्हापासून. आणि मान खाली घालून पुढे सांगितले की अशक्तपणा असेल म्हणून तिनेच त्याला दुकानातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून तीन आठवडे दिल्या. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी यायला हवं होतं," आणि लिहीत राहिले. कॉटवरून दानिशने हितेंद्रकडे पाहिले. डोक्यावरचे केस काढल्यामुळे त्याचे कान मोठे दिसत होते. "भाऊ," तो म्हणाला, "आता हात लिहिला तर चालेल ना?" आणि हितेंद्र हसला होता. सगळेच हसले होते. शस्त्रक्रियेनंतर अकराव्या दिवशी दानिश गेला.

लवकर निदान झाले असते तर काय झाले असते, याविषयी त्या मार्चमध्ये हितेंद्रने जे सापडले ते सर्व वाचले होते. त्या प्रकारच्या गाठीच्या सरासऱ्या निराशाजनक होत्या. चार महिन्यांनी फरक पडला असता असे सिद्ध करता येत नव्हते. पडला नसता असेही सिद्ध करता येत नव्हते. सरासरी ही पुष्कळ माणसांची असते. दानिश एकच होता. पण बसमध्ये, मांडीवर वही धरून, तो त्याचा विचार करत नव्हता. तो अरिबाचा विचार करत होता. हाशमभाई फोनवर सांगत असत, पोरीने काम सोडले, औषधांच्या दुकानात पाऊल टाकत नाही. घरात कोणाला डोकेदुखीची गोळीसुद्धा स्वतःच्या हाताने देत नाही, माझी रक्तदाबाची गोळी मीच शोधून घेतो, कधी विसरतो. तीन महिन्यांपूर्वी, मातीला गेलेली माणसे परतल्यावर, अरिबाने त्याला दारात गाठून विचारले होते, "हितेंद्रभाई, तुम्ही तर दर रविवारी त्याच्या शेजारी बसायचात. तुम्हाला आधी काही दिसलं होतं?" तो म्हणाला होता, "नाही." ते खोटे नव्हते. वही न उघडता दिलेले ते उत्तर होते, एवढेच.

ही वही तिने पाहिली तर तिचे तीन आठवडे सोळा-सतरा आठवड्यांच्या शेपटाला लागणार होते. हे त्याला आता स्पष्ट दिसत होते आणि त्याचे दुसरे टोकही. जे ओझे तिच्यावरून उतरेल ते हवेत विरणार नव्हते. त्या घरात त्याला अजून ताट वाढले जात होते. ईदला दानिशच्या आईने, शहजादीबींनी, शिरखुर्म्याचा डबा एसटीच्या गाडीतून जळगावला पाठवला होता. पांझरेच्या पुलावरून बस गेली तेव्हा खालच्या कोरड्या वाळूत कोणीतरी गाढवे उभी केली होती. इथे उतरावे, वही वाळूत पुरावी आणि परतीची गाडी धरावी, हा विचार त्याच्या मनात आला. तो त्याने नोंदवला, आणि बसून राहिला.

हाशमभाई दुकानात एका उघड्या मोटारीवर वाकले होते. मागच्या खोलीत पंखा गरम हवा फिरवत होता. अरिबाने पाण्याचा पेला आणून त्याच्यापुढे ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. ती वाळली होती.

"अम्मी मालेगावला गेली आहे, मामूकडं," ती म्हणाली. "इतक्या उन्हात आलात. काही काम होतं?"

त्याने पेल्याला हात लावला नाही. वही उघडली, पुढच्या बाजूने. मग उलटी करून दाखवली. डावी जागा म्हणजे काय, उजवी जागा म्हणजे काय, दांडी कुठे जाते, हे तो विद्यार्थ्याला सांगावे तसे क्रमाने सांगत गेला, कारण दुसरी कोणतीही भाषा त्याला त्या क्षणी उपलब्ध नव्हती. ती ऐकत होती. बोटाने तारखा खाली खाली वाचत होती. अकरा ऑगस्टवर बोट थांबले.

"हे कुणी खोडलं?"

"मी."

"का?"

"नियम होता. हात लिहायचा नाही."

"त्यानं लिहिलं होतं, हात ऐकत नाही."

"हो."

"आणि तुम्ही त्याला घाबरलो लिहायला लावलं." तिचा आवाज चढला नाही. "दानिशला? चालू मोटारीत हात घालणाऱ्या माणसाला?"

 तिने पुन्हा वर जाऊन पहिल्या आकड्यापासून वाचायला सुरुवात केली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, ती पुटपुटत होती, नोव्हेंबर, आणि मग डिसेंबरावर येऊन तिने वही मांडीवर पालथी ठेवली. "माझ्या गोळ्या," ती म्हणाली, "माझ्या गोळ्या तर..." आणि वाक्य तसेच सोडून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे नाही असे ठरवले होते, तरी पाहिले. भाविकाच्या चेहऱ्यावरून जे चटकन उतरले होते ते इथे उतरले नाही. ते फक्त हलले, जड वस्तू पहिल्यांदा सरकते तसे.

"अरिबा," बाहेरून हाशमभाईंची हाक आली, "मेरी गोली देखी क्या? सुबह की रह गई."

तिने वही खाली ठेवली. मग उठली. फडताळातला डबा काढला, पट्टी उजेडाकडे धरून तिच्यावरचे नाव वाचले, मुदतीची तारीख वाचली, पुन्हा नाव वाचले. मग एक गोळी तळहातावर काढून घेतली आणि तांब्या घेऊन दुकानात गेली. "मुँह खोलो, अब्बा," असे तिचे शब्द ऐकू आले.  तारेच्या रिळाचा फिरण्याचा आवाज थांबला होता आणि बराच वेळ सुरू झाला नाही.

ती परतली आणि वही उचलून ओढणीखाली धरून भिंतीशी उभी राहिली. "वही इथं राहू द्या," ती म्हणाली. "अब्बांना मी सांगेन. तुम्ही नका सांगू. आणि आता काही दिवस येऊ नका."

"बरं."

तो उठला, पिशवी खांद्याला लावली. दाराशी पोहोचला तेव्हा ती मागून म्हणाली, "पाणी राहिलं तुमचं."

त्याने वळून पाहिले. पेला होता तिथेच होता. काठाशी, पाण्यावर, धुळीचा एक कण तरंगत होता. ती रीत तिला ठाऊक होती की ती घरी आलेल्या कोणालाही म्हणाली असती तेच म्हणाली, हे तिच्या चेहऱ्यावरून ठरवता येण्याजोगे नव्हते. त्याने पेला उचलला आणि उभ्यानेच, शेवटच्या थेंबापर्यंत, पाणी प्यायला. ती गप्प होती. रिकामा पेला खाली ठेवून तो क्षणभर थांबला, सवयीने. त्याचा उजवा हात पेनासाठी खिशाकडे गेला. वही तिच्या ओढणीखाली होती. कारण कोणी विचारले नाही.